शिडाच्या गाडीचा सीट बेल्ट: घट्ट धरणारा आणि एका झटक्यात सोडणारा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बरा वेल्डर, थोडा सीमलेस पाइप आणि तीन चाकं मिळाली की लँड यॉटचा, म्हणजे वाऱ्यावर पळणाऱ्या शिडाच्या गाडीचा, सांगाडा उभा राहायला फार वेळ लागत नाही. कोल्हापूरला गाड्यांचं वेड काही नवं नाही. इंजिनिअरिंगची पोरं गो-कार्ट करून हात साफ करून बसलेली असतात, त्यांना शिडाची गाडी उलट सोपी वाटते. इंजिन नाही, गिअर नाही, चेन नाही. मग शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी सीट बेल्ट आठवतो आणि भंगारातल्या कारचा पट्टा दोन वायसर घालून ठोकला जातो. ते होण्याआधी पुढचं वाचा.

शिडाची गाडी वाऱ्यापेक्षा जोरात पळते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इव्हानपाह या कोरड्या तलावावर ग्रीनबर्ड नावाची शिडाची गाडी ताशी २०० किमीच्या वर गेली, आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक गेर्डनरच्या मिठावर न्यूझीलंडच्या संघाची होरोनुकू २२० च्या वर. आपली घरगुती गाडी तिथवर जाणार नाही. पण ताशी ४० किमीचाच हिशोब करून बघा. सत्तर किलोचा माणूस त्या वेगावरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तर पट्ट्यावर साधारण आठशे किलोच्या वजनाएवढा ताण येतो. पोत्याची सुतळी, दप्तराची क्लिप, कामचलाऊ शिलाई यांतलं काहीही तिथे टिकत नाही.

आणि हे झालं समोरून आदळण्याचं. लँड यॉटचा नेहमीचा अपघात वेगळा असतो. वाऱ्याची झुळूक येते, वाऱ्याकडचं मागचं चाक उचलतं, चालक शिडाचा दोर वेळेत सोडत नाही आणि गाडी डोलकाठीसकट कुशीवर पडते. वेग फार नसतो. चालक मात्र पट्ट्यात आडवा लटकलेला असतो, मांडीवर दोराचा गुंता, तोंडाशी ओली वाळू, आणि शिडात अजून वारा. डोलकाठी मोडली तर गाडी पूर्ण उलटी. म्हणजे जो पट्टा आठशे किलो धरणार, तोच अंगाचं ओझं त्याच्यावर असताना, ओल्या हाताने, न बघता, एका हालचालीत सुटला पाहिजे. पट्टा निवडायचा तो याच कसोटीवर, म्हणून बघायचं ते आधी बक्कल आणि मग कापड.

आधी सांगाडा बघा

गाडी उलटली की जमिनीला पहिल्यांदा काय लागतं? चालकाला सीटवर बसवा, हेल्मेट घाला. मग डोक्यामागच्या रोल बारच्या, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपच्या कमानीच्या, टोकापासून पुढच्या चाकाकडच्या पाइपवरच्या सगळ्यात उंच मजबूत जागेपर्यंत सुतळी ताणा. हेल्मेट त्या सुतळीच्या आत किमान चार बोटं राहिलं पाहिजे. गुडघे आणि खांदेही आत. डोलकाठीला रोल बार समजू नका, नेमक्या त्याच वेळी ती मोडते किंवा खोबणीतून निसटते.

हेल्मेट सुतळीच्या बाहेर येत असेल तर पट्ट्याचा विचार तिथेच थांबवा आणि सांगाडा दुरुस्त करा. मोकळा माणूस फेकला जातो, जखमी होतो. बांधलेला माणूस मात्र गाडीच्या आणि जमिनीच्या मध्ये सापडतो. ‘आमची गाडी हलकी आहे, काही होत नाही’ असं म्हणणारे भेटतील. हलकी गाडीच वाऱ्यात लवकर उचलते.

किती पट्टे हवेत

कमरेचा एकच पट्टा लहान, बुटक्या, बसून चालवायच्या गाडीत चालतो. न्यूझीलंडची ब्लोकार्ट अशा घाटाची आहे. माणूस जमिनीला जवळजवळ टेकलेला, वेग बेताचा. पण आपल्याकडे बहुतेक जण फाइव्ह क्लास या शर्यतीच्या वर्गासारखी गाडी करायला बघतात, ज्यात चालक पाय पुढे टाकून मागे रेलून, अर्धवट झोपलेला असतो. तिथे नुसता कमरेचा पट्टा अपुरा. पुढून दणका बसला की रेललेलं शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं, पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर चढतो आणि आतड्याला इजा करतो. गाडी उलटली तर छाती-डोकं लोंबकळतं ते वेगळंच.

रेललेल्या आसनाला कंबर, दोन्ही खांदे आणि मांड्यांमधून येणारा पट्टा, असा पाच किंवा सहा पॉइंटचा, म्हणजे तेवढ्या ठिकाणी सांगाड्याला बांधलेला, संच घ्या. मला सहाचाच बरा वाटतो. मांड्यांमधला ताण दोन बाजूंना वाटला जातो, एकच पट्टा मधोमध आला की पुरुष चालक तो मुद्दाम ढिला ठेवतात आणि मग तो असून नसल्यासारखा. चार पॉइंटचा संच सगळ्यात फसवा. दिसायला रेसिंगचा, पण खांद्याचे पट्टे घट्ट ओढले की कमरेचा पट्टाच वर पोटावर येतो, त्याला खाली धरून ठेवणारं काही नसतं.

रुंदी ५० मिमी की ७५ मिमी, यावर फार वाद घालू नका. कमरेला ५० मिमीचा पट्टा हाडाच्या खाचेत नीट बसतो. कापड पॉलिएस्टरचंच हवं. नायलॉन ओलं झालं की जास्त ताणतं, आणि आपली गाडी ओल्या वाळूवरच चालणार आहे.

बक्कल: इथे वेळ घालवा

बाजारात ढोबळमानाने पाच तऱ्हा मिळतात.

प्लास्टिकची दोन्ही बाजूंनी चिमटायची क्लिप, म्हणजे दप्तराला असते ती. अंगाचं ओझं आलं की ती चिमटली जात नाही, आणि उन्हाने कडक झालेली असली तर आधीच मोडते. सरळ बाद.

कारचं लाल बटणाचं बक्कल ओझ्याखाली उघडण्यासाठीच बनवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर १६ या नियमात धडकेच्या चाचणीनंतर ताण असतानाही ते ६० न्यूटनपेक्षा कमी जोरात, म्हणजे साधारण सहा किलोच्या दाबात उघडलं पाहिजे अशी अट आहे. रस्त्यावर ते उत्तम. पण त्याचं तोंड वर उघडं असतं. लँड यॉटचं पुढचं चाक चालकाच्या पायांसमोर असतं, ते ओली वाळू नेमकी मांडीवर उडवतं. दोन फेऱ्यांनंतर बटण दाबून बघा, आत खरखर ऐकू येते, बटण अर्ध्यावर अडतं, अंगठ्याने जोर केला की मग ‘टक’ होतं. कोरड्या मातीच्या मैदानावर आणि चाकाला मडगार्ड लावून हे चालून जाईल. किनाऱ्यावर मी वापरणार नाही.

विमानातल्या सीटसारखं, पत्रा वर उचलून उघडायचं बक्कल कमरेच्या एकट्या पट्ट्यासाठी चांगलं. भाग कमी, वाळू अडकली तरी झटकून निघते, ओझ्याखाली उघडतं, डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने. धोका एकच, पत्र्याच्या मोकळ्या कडेखाली शिडाचा दोर जाऊन झटक्यात ते आपोआप उघडू शकतं. म्हणून ज्या हातात दोर धरता त्याच्या विरुद्ध बाजूला ती कड येईल असं बसवा. काही पत्रे ४५ अंशांत उघडतात, काही ९० अंशांत. आपल्याला ९० वाला हवा.

पाच-सहा पॉइंटसाठी दोन पर्याय उरतात. एक, लांब दांडीचं बक्कल, अमेरिकेतल्या स्टॉक कार आणि वाळवंटातल्या गाड्यांत दिसतं ते. सगळ्या पट्ट्यांच्या टोकाचे धातूचे कान एका जिभेवर ओवायचे आणि वरून दांडी दाबून बंद करायची. उघडताना दांडी ओढली की सगळं एकदम मोकळं. याचं सगळं काम बाहेर डोळ्यांसमोर चालतं, वाळू लपायला जागाच नाही. बांधायला जरा वेळखाऊ, कान क्रमाने ओवावे लागतात, आणि दांडीत दोर अडकण्याचा धोका विमानी बक्कलासारखाच. त्यावर वेलक्रोचं झाकण येतं, पण झाकणामुळे एका हालचालीच्या दोन होत असतील तर ते काढून टाका आणि दांडीची दिशा बदला.

दुसरा, गोल चकतीचं कॅमलॉक. चकती डावीकडे किंवा उजवीकडे फिरवली की सगळे पट्टे सुटतात. दोर अडकून उघडण्याची शक्यता फार कमी आणि हातमोज्यातूनही पकड मिळते. आत मात्र स्प्रिंग आणि खिट्ट्या असतात, त्यांत वाळू गेली की चकती जड होत जाते. ती एकाएकी बंद पडत नाही, दर वेळी थोडी जास्त अडते, आणि माणसाला त्याची सवय होते. खरी भीती त्या सवयीची आहे. वर निओप्रीनचं (रबरी कापडाचं) झाकण शिवून घ्या, पुढच्या चाकाला मडगार्ड लावा, आणि दर दिवसाच्या शेवटी साफ करायची तयारी असेल तरच घ्या.

माझी निवड विचाराल तर कोकणच्या किनाऱ्यासाठी लांब दांडीचं. दिसायला ते ओबडधोबड आहे, पोरांना कॅमलॉकच भारी वाटतं. ज्याचा गुंता होण्याची शक्यता जास्त, म्हणजे नवशिका, एका हाताने दोर सांभाळू न शकणारा, त्याच्यासाठी झाकणासह कॅमलॉक.

लेबल वाचायचं कसं

रेसिंगच्या खऱ्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं ८८५३-२०१६ हे मानक असेल तर कोणत्या वर्षानंतर वापरू नये ते वर्ष त्यावर छापलेलं असतं. एसएफआय या अमेरिकन संस्थेचं १६.१ असेल तर बनवल्याची तारीख असते आणि तिथून दोन वर्षं धरतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या झगमगीत ‘रेसिंग हार्नेस’वर यातलं काहीच नसतं, किंवा नुसतं स्टिकर असतं. मुदत संपलेला पण चांगल्या कंपनीचा, सावलीत ठेवलेला संच एखाद्या रेसिंगवाल्याकडून मिळाला तर? स्पर्धेत तो चालणार नाही. सरावालाही मी तो घेणार नाही, कारण तो किती ऊन आणि किती दणके खाऊन आलाय हे कापडावर दिसत नाही.

भंगारातल्या कारचा गुंडाळणारा पट्टा का नको

आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच लावला जातो, म्हणून जरा सविस्तर. त्या पट्ट्याच्या गुंडाळीत झुकाव ओळखणारं एक छोटं यंत्र असतं. आर १६ प्रमाणे ते १२ अंशांपर्यंतच्या झुकावात अडकायचं नाही आणि २७ अंशांच्या पुढे अडकलंच पाहिजे. कारमध्ये ते एका ठरलेल्या कोनात बसवलेलं असतं. तुम्ही तेच काढून आपल्या पाइपवर सोयीच्या कोनात लावलंत की ते कायमचं अडकून तरी बसतं किंवा नको तेव्हा मोकळं राहतं. वरून शिडाची गाडी चालतानाच कलते. वाळू शिरली की गुंडाळी संपली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. नव्या कारच्या गुंडाळीला किंवा बक्कलाला पट्टा खेचून घट्ट करणारी स्फोटक नळी जोडलेली असते. अपघात न झालेल्या कारमधून ती काढली तर ती जिवंत असते. तिच्याजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग न्यायचं नाही, ठोकायचं नाही. वायरची छोटी पिवळी पिन दिसली तर तो भाग सरळ परत ठेवा. आणि गाडी अपघाताची असेल तर पट्टा एकदा ताणून गेलेला असतो, तोही बाद.

चप्पल लाइनीतल्या किंवा बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून पट्टा कापून, आखूड करून शिवून घ्यायचा मोहही आवरा. त्यांच्या हाताला तोड नाही, पण सीट बेल्टची शिलाई ठरावीक धाग्याची, ठरावीक नक्षीची आणि ओढून तपासलेली असते. पट्टा लांब असेल तर पुरवणाऱ्याकडून योग्य मापाचा मागवा.

बसवणं

पट्टा सीटला बोल्ट करायचा नाही, सांगाड्याला करायचा. फायबरच्या सीटमधून चार भोकं पाडून मोठे वायसर लावलेले दिसतात. दणक्यात सीट फाटते आणि माणूस सीटसकट जातो. मोटरस्पोर्टच्या नियमांत बोल्ट एम १२ (१२ मिमीचा), ८.८ ताकदीच्या ग्रेडचा किंवा ७/१६ इंची यूएनएफ (बारीक इंची आट्यांचा) लागतो, आणि पत्र्यावर पट्टा धरायचा तर मागे ३ मिमी जाडीची, निदान ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी. तेवढं आपल्यालाही पाळता येतं.

इथे एक घोळ होतो. सीट बेल्टसोबत येणारे बोल्ट बहुतेक ७/१६ इंची असतात, म्हणजे जेमतेम ११.१ मिमी, आणि आटे इंचाला २०. वर्कशॉपमध्ये कुणीतरी म्हणतंच, “भावा, एम बाराच हाय ह्यो, नट हितला लाव की.” नट सैल सैल चढतो, बसल्यासारखा वाटतो आणि ताण आला की आटे सोलून निघून येतो. नट-बोल्टची जोडी एकाच आट्याची घ्या, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट वापरा, आणि शेवटी बोल्टचे दोन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत.

पातळ पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला की पाइप चेपतो. भोकात बुश (जाड नळीचा तुकडा) घालून तो वेल्ड करा, किंवा पाइपला जाड पत्र्याचा कान वेल्ड करून त्याला पट्टा लावा. कानाचं तोंड पट्ट्याच्या ओढीच्या दिशेने हवं, आडवा लावलेला कान वाकतो आणि कडेने कापड कापतो.

कोनांचं म्हणाल तर खांद्याचे पट्टे खांद्यामागून सरळ आडवे किंवा किंचित खाली, १०-२० अंश, एवढेच जावेत. जमिनीकडे तिरके ओढले तर दणक्यात ते पाठीचा कणा दाबतात. खांद्यामागे आडवा पाइप नसेल तर घाला, त्याशिवाय हे जमत नाही. कमरेचा पट्टा बसत्या आसनात ४५ ते ६५ अंशांनी खाली-मागे जातो. तुम्ही जितके मागे रेलाल तितका तो कोन उभा होतो. पट्टा बांधल्यावर तो मांडीच्या सांध्याजवळ, हाडावर बसतोय ना हे बोटाने चाचपून बघा.

पट्ट्याचं टोक जिथे अडकवतात त्या तीन आडव्या दांड्यांच्या बक्कलात, ज्याला थ्री-बार स्लाइडर म्हणतात, कापड ओवून परत मागे एकदा फिरवायचं असतं आणि टोक निदान १०० मिमी बाहेर ठेवायचं. परत फिरवलं नाही तर ते हळूहळू निसटतं. लोंबणारी लांब टोकं इलॅस्टिकने गुंडाळा, मोकळी राहिली तर चाकात किंवा दोरात जातात.

उलटं लटकून बघा

ही पायरी गाळून गाडी बाहेर काढू नका. चाकं आणि डोलकाठी काढा, सांगाडा चेन ब्लॉकला किंवा दोन भक्कम घोड्यांवर (उंच स्टँडवर) अडकवा, खाली जाड गाद्या टाका, दोन्ही बाजूंना एकेक धडधाकट माणूस उभा करा. चालक हेल्मेट आणि हातमोजे घालून आत. आधी कमरेचा पट्टा घट्ट, मग मांड्यांमधला, शेवटी खांदे.

पहिल्यांदा सांगाडा कुशीवर, मग पूर्ण उलटा. डोळे बांधा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. हात मिठाच्या पाण्यात बुडवून आणि बक्कलावर मूठभर ओली वाळू टाकून परत. माझं माप सोपं आहे: ‘सोड’ म्हटल्यापासून पाच सेकंदांत सगळे पट्टे मोकळे. ज्याला दोन्ही हात लावावे लागले किंवा खांदा उचलून ओझं कमी करावं लागलं, तो संच त्या माणसासाठी नापास. दुसऱ्याला तो जमत असेल, पण लटकणार आहे तो हाच माणूस.

सोडायचा क्रमही इथेच घोटवा. आधी दोर हातातून सोडून द्यायचा. गाडी पूर्ण थांबू द्यायची, तोवर हात आत, छातीवर. मग एक हात डोक्यापलीकडे जमिनीला टेकवून अंगाचं वजन त्यावर घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने बक्कल. हात न टेकवता बक्कल उघडलं की माणूस मानेवर पडतो. बाहेर आल्यावर लगेच गाडीपासून पळायचं नाही, आधी शिडाचा दोर मोकळा करायचा, नाहीतर वारा धरून गाडी आपोआप उभी राहते आणि चालकाविना निघते.

पट्टा कापायचा हुक खांद्याच्या पट्ट्यावर, दोन्ही हातांना पोचेल असा लावून ठेवा. उघडा चाकू नको.

किनारा, मीठ आणि ऊन

कोल्हापूरजवळ सपाट, वाऱ्याची जागा म्हटली की सगळ्यांच्या तोंडी मसाई पठार येतं. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या पातळ मातीवरची फुलझाडं एका चाकाने जातात. तिथे गाडी न्यायचीच नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे ओहोटीच्या वेळची कडक ओली वाळू मिळते, पण किनाऱ्यावर वाहन न्यायला स्थानिक प्रशासनाची परवानगी आधी काढा, आणि हिवाळ्यापासून कासवांची घरटी असलेल्या किनाऱ्यांपासून लांब राहा.

घरी परतताना पट्टे ओल्या मिठासकट डिकीत गुंडाळून ठेवले की कापडात मिठाचे कण वाळून राहतात आणि प्रत्येक वाकण्याबरोबर आतले धागे कातरतात. परत निघण्याआधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा, बक्कल उघडबंद करत धुवा, सावलीत वाळवा. ब्लीच नको, रंग नको. बक्कलात ऑइल किंवा ग्रीस घातलं की वाळू चिकटते, फार तर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे. गाडी उघड्यावर ठेवत असाल तर पट्टे काढून ठेवा. ऊन कापडाला आतून पोखरतं, आणि रंग उडालेला, हाताला कडक लागणारा पट्टा बदलायचाच.

एकदा जोरात ताण खाल्लेला, कडेचे धागे सुटलेला किंवा वेल्डिंगची ठिणगी लागून बारीक भोक पडलेला पट्टाही बाद. फेकताना मधोमध कापा, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागतो.

दर दिवशी पहिल्या फेरीआधी दोन मिनिटं: प्रत्येक नटावर आणि पाइपवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवलेली असेल तर नट फिरलाय का ते नुसत्या नजरेने कळतं. मग बक्कल पाच वेळा उघडबंद करा, आणि किनाऱ्यावर मदतीला आलेल्या प्रत्येकाला ते कसं उघडतं हे स्वतःच्या हाताने करायला लावा. चालक बेशुद्ध असेल तर ते त्यांनाच उघडायचंय.